पंचनाम्यातील रस्ता : बीड जिल्ह्यातील मार्गरचना, अपघात व तपास यांचा ऐतिहासिक विचार

इतिहाससंशोधक ज्या कागदांवर विसंबून लिहितो त्यांत सनदा, महजर, बखरी व पत्रव्यवहार यांची गणना होते. पोलीस ठाण्यातील घटनास्थळाच्या पंचनाम्याची सहसा होत नाही. वस्तुतः गेल्या शतकातील ग्रामीण जीवनासंबंधी इतक्या नियमितपणे, इतक्या ठिकाणी आणि इतक्या एकसारख्या साच्यात लिहिला गेलेला दुसरा दस्तऐवज क्वचितच आढळेल. मोटारीच्या अपघाताचा पंचनामा घ्यावा. त्यात दोन पंच असतात, चतुःसीमा असतात, वाहन कोणत्या दिशेस तोंड करून पडले आहे हे असते, काचांचा चुरा, चाकांच्या घसरणीच्या खुणा व रक्ताचे डाग यांची नोंद असते. त्याच्या जोडीला फिर्याद असते आणि तिच्यात 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने वाहन चालवून' ही शब्दावली ठरल्याप्रमाणे येते. रस्त्याविषयी मात्र तो डांबरी आहे व अमुक दिशेस जातो, एवढ्यावरच बहुधा भागते. वळणाची त्रिज्या किती, समोरचे वाहन किती अंतरावरून दिसते, साइडपट्टी रस्त्याच्या पातळीपेक्षा किती खाली गेली आहे, हे प्रश्न त्या साच्यात बसत नाहीत. रस्ता तेथे घटनेचे स्थळ म्हणून येतो. घटनेचे एक कारण म्हणून त्याची विचारपूस होत नाही.

ही उणीव एखाद्या पोलीस अधिकाऱ्याच्या आळसातून उत्पन्न झालेली नाही. तिला कायद्याचा, अभियांत्रिकीचा आणि प्रदेशाच्या जडणघडणीचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या आधाराने त्या इतिहासाचा विचार करावयाचा आहे. बीड जिल्हा निवडण्याचे कारण असे की, येथील रस्ते अनेक पिढ्यांचे थर अंगावर वागवीत आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नसल्यामुळे येथील जीवन दीर्घकाळ मुख्यतः रस्त्यावर अवलंबून राहिले. आणि या जिल्ह्याचे दोन नामवंत लोकनेते जिल्ह्याबाहेरच्या रस्त्यांवर अपघातात मरण पावल्यामुळे अपघाताचा तपास म्हणजे काय, हा प्रश्न येथील सामान्य माणसाच्याही तोंडी आला.

१. घाटावरचा व घाटाखालचा प्रदेश

बीड जिल्ह्याचे जे दोन स्वाभाविक भाग पडतात त्यांची जुनी नावेच बोलकी आहेत. फारसीतील 'बाला' म्हणजे वरचा व 'पायीन' म्हणजे खालचा. बालाघाट व पायीनघाट या दोन संज्ञांत जिल्ह्याचा भूगोल सामावला आहे. उत्तरेस गोदावरी व सिंदफणा यांच्या काठची, गेवराई व माजलगाव या तालुक्यांची काळी सपाट जमीन. दक्षिणेस पाटोदा, केज, अंबाजोगाई यांचे उंच पठार. आणि या दोहोंच्या मध्ये डोंगराची कड. बीडहून दक्षिणेकडे निघालेला मार्ग पालीवरून मांजरसुंब्याचा घाट चढतो. माजलगावकडून केजकडे जाणाऱ्यास धारूरचा घाट ओलांडावा लागतो. व्यापारी, यात्रेकरू व फौजा या सर्वांनी याच वाटा वापरल्या. कारण डोंगर जेथे वाट देतो तेथूनच वाट जाते.

या वाटा बैलांनी ठरविल्या असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तासाला तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या बैलगाडीला तीव्र वळणाची भीती नसते. तिला भीती असते ती उभ्या चढाची, चिखलाची व पाण्याच्या अभावाची. म्हणून गाडीवाट चढ टाळण्यासाठी वळसे घेते, पावसाळ्यात काळ्या रानातील चिखल चुकविण्यासाठी मुरमाड उंचवट्यावरून जाते, आणि विहीर व गाव यांना भेटत भेटत पुढे सरकते. बैलांच्या दृष्टीने ही उत्तम मार्गरचना होती. पुढे याच वाटेवर खडी पडली, रोलर फिरला, डांबर ओतले गेले आणि कित्येक ठिकाणी तिची रेषा तशीच राहिली. वाहन बदलले, वेग वीसपट झाला, पण वळण बैलांच्या काळचेच राहिले.

हैदराबाद संस्थानात सार्वजनिक मोटारवाहतुकीचा आरंभ १९३२ साली झाला. त्या वर्षी निजामाच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्यांनिशी ही सेवा सुरू केली. शेजारच्या मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी पहिली एस.टी. धावली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले; १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. अशा रीतीने बीडचे रस्ते अवघ्या बारा वर्षांत तीन राज्यव्यवस्थांच्या हातून गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे यावयास मात्र १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. तोपर्यंत बीडकराचा विवाह, बाजार, दवाखाना व परागंदा होणे, सारे काही रस्त्यावरूनच झाले.

२. रस्त्याचे गणित देशात केव्हा आले

मोटारीसाठी रस्त्याची रचना निराळी करावी लागते, हा विचार आपल्याकडे संघटित रूपाने १९२७ नंतर आला. त्या वर्षी मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमण्यात आली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर ते हेच. समितीने १९२८ साली अहवाल दिला. पेट्रोलवरील करातून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला, आणि अभियंत्यांना एकत्र येऊन मानके ठरविता यावीत म्हणून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली. डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. 'नागपूर योजना' या नावाने प्रसिद्ध असलेल्या तिच्या आराखड्यात राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग अशी वर्गवारी करण्यात आली. ही वर्गवारी आजही बव्हंशी टिकून आहे. १९५२ साली दिल्लीस मध्यवर्ती रस्ते संशोधन संस्था स्थापन झाली.

या संस्थांनी जी मानके दिली त्यांचे मर्म सामान्य वाचकासही समजण्यासारखे आहे. वळणावर वाहन बाहेर फेकले जाऊ पाहते आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तिला तोंड देण्यासाठी दोनच साधने आहेत : टायर व रस्ता यांमधील घर्षण, आणि वळणाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवणे. सपाट प्रदेशात ही उंची शेकडा ७ पर्यंत ठेवावी असा दंडक आहे. या हिशेबाने ताशी ४० किलोमीटर वेगास सुमारे ५७ मीटर त्रिज्येचे वळण पुरते. वेग ८० झाला की सुमारे २३० मीटर त्रिज्या लागते. वेग दुप्पट, त्रिज्या चौपट. दुसरे गणित दृष्टीच्या पल्ल्याचे. चालकास अडथळा दिसल्यापासून त्याचे भान येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात. ताशी ५० किलोमीटर वेगात सुरक्षितपणे थांबण्यास ६० मीटर, ८० किलोमीटरला १२० मीटर आणि १०० किलोमीटरला १८० मीटर अंतर समोर मोकळे दिसले पाहिजे. दुपदरी रस्त्यावर ८० किलोमीटर वेगाने पुढच्या वाहनास ओलांडून जावयाचे तर ४७० मीटरपर्यंतचा रस्ता दिसावा लागतो.

हे आकडे येथे देण्याचा हेतू असा की, मानक हे तपासाचे मापही असते. एखाद्या टेकाडावर समोरचा रस्ता ६० मीटरच दिसत असेल आणि अलीकडच्या सरळ पट्ट्याने चालकास ८० किलोमीटर वेगाची मोकळीक दिली असेल, तर तेथे होणाऱ्या टकरीचा अर्धा वृत्तांत त्या टेकाडानेच लिहून ठेवलेला असतो. फीत घेऊन मोजणाऱ्यास तो वाचता येतो. पंचनामा लिहिणाऱ्याला ती फीत कशासाठी वापरावयाची हे कोणी शिकविले नाही, एवढेच.

३. बीडच्या रस्त्याची तीन वैशिष्ट्ये

सर्वत्र लागू पडणारी ही तत्त्वे बीड जिल्ह्यात कोणत्या रूपाने प्रकट होतात ते पाहू. तीन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली, घाट. खामगाव–पंढरपूर हा मार्ग माजलगाव, धारूर, केज या क्रमाने जिल्ह्यातून जातो. या मार्गाचे रूप पालटले, घाटाच्या दोन्ही बाजूंस रस्ता रुंद झाला. धारूरचा घाट मात्र त्यानंतरही दीर्घकाळ अरुंदच राहिला. अरुंद घाट हा स्वतः फारसा धोकादायक नसतो. जुने चालक त्याला ओळखून असतात. धोका असतो तो संक्रमणाचा. मैलोगणती रुंद व गुळगुळीत रस्त्यावर चालकाच्या हाताला आणि डोळ्याला एका वेगाची सवय जडते, आणि मग अचानक रस्ता आपला करार मोडतो. चालकाने फलक पाहिला नाही असा दोष देता येईल. परंतु मागील अर्ध्या तासात रस्त्यानेच त्याला जे शिकविले ते एका फलकाने पुसले जात नाही.

दुसरी, काळी माती. पावसाने फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन कापसाला मानवते, सडकेला मानवत नाही. डांबराचा थर पुनःपुन्हा चढत जातो, साइडपट्टीचा मुरूम वाहून जातो किंवा दबतो, आणि कडेला वीतभर खोल पायरी तयार होते. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देताना मोटारीचे डावे चाक त्या पायरीवरून खाली उतरते. चालक घाबरून चक्र उजवीकडे ओढतो. चाक काही क्षण कडेला घासत राहते आणि मग एकाएकी वर चढते. त्या वेळी चक्र वळविलेलेच असल्यामुळे गाडी झटक्याने समोरच्या बाजूस जाते. साक्षीदाराला दिसते ते एवढेच की, गाडी अकारण उजवीकडे गेली. फिर्यादीत चालकाचा ताबा सुटल्याची नोंद होते. ताबा का सुटला याचे उत्तर कडेच्या त्या पायरीत असते आणि पुढील उन्हाळ्यात मुरूम टाकला की तो पुरावाही नाहीसा होतो.

तिसरी, फाटा. मराठवाड्याच्या भूगोलाचा हा खास शब्द आहे. सडक गावाबाहेरून गेली की गावाकडे वळणाऱ्या वाटेच्या तोंडाशी प्रथम एस.टी.चा थांबा होतो, मग चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, खताचे दुकान, आणि एका पिढीत फाटा हेच गावाचे बाजारपेठेचे तोंड बनते. रस्ता दूरच्या प्रवाशासाठी वेगवान केला जातो. फाट्यावरचे जीवन मात्र पायी चालणाऱ्याचे, सायकलीचे, शेळ्यांचे व शाळकरी मुलांचे असते. पूर्वी २११ व सध्या ५२ हा क्रमांक असलेला सोलापूर–धुळे महामार्ग चौपदरी झाला तेव्हा हे दोन वेग एकमेकांसमोर उभे ठाकले. जो शेतकरी दोन दमांत सडक ओलांडीत असे त्याला आता दुभाजक आडवा आला. जवळचा छेद बंद असेल तर उलट दिशेने दुचाकी नेण्याचा मोह होतो. हा बेशिस्तपणा आहे यात शंका नाही. पण ज्या बेशिस्तीचा प्रत्येक फाट्यावर एकच नमुना आढळतो तिचे मूळ केवळ व्यक्तीच्या स्वभावात शोधणे शास्त्रीय नव्हे.

याच महामार्गावर २०२५ सालात दोन दुर्घटना घडल्या. मे महिन्यात गेवराई तालुक्यातील गढीजवळ दुभाजकास धडकलेली मोटार बाजूस घेण्यासाठी रात्री खाली उतरलेल्या माणसांना मागून आलेल्या ट्रकने चिरडले. सहा जण मरण पावले. ऑगस्टमध्ये नामलगाव फाट्याजवळ पायी चालणाऱ्या सहा जणांचा कंटेनरखाली अंत झाला. या घटनांत चालकांचा दोष किती, हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. परंतु दुभाजकाचा आरंभ रात्री ओळखू येईल असा होता काय, बंद पडलेले वाहन उभे करण्यास कडेला जागा होती काय, आणि ज्या जिल्ह्यात कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनास पायी जाण्याची परंपरा जिवंत आहे तेथील महामार्गाच्या आखणीत पायी चालणाऱ्याची वाट कोठे होती, हे प्रश्न त्या न्यायनिर्णयाची वाट न पाहता विचारावयाचे आहेत.

४. कायद्याची दृष्टी

असे प्रश्न विचारले का गेले नाहीत, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात मिळते. भारतीय दंडविधानात १८७० साली ३०४-अ हे कलम घालण्यात आले. अविचाराने वा हयगयीने केलेल्या कृत्यामुळे मृत्यू घडविणे हा त्याचा विषय. मोटार जन्मास येण्यापूर्वीचे हे कलम पुढे मोटारीच्या अपघाताचे मुख्य कलम बनले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमात त्याचा आशय कायम राहिला. फौजदारी कायदा माणूस शोधतो. त्याने तो शोधलाच पाहिजे. पण कोणी केले, या प्रश्नाचे उत्तर मिळताच तपास थांबतो आणि येथेच का घडले, हा दुसरा प्रश्न विचारण्यास कोणी उरत नाही.

मोटार वाहनांचा कायदा १९३९ साली झाला. त्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली व भरपाईचा मार्ग सुलभ झाला. १९८८ च्या कायद्याने तीच व्यवस्था पुढे चालविली. या मार्गातही पंचनामा हाच पाया राहिला. मृताचीच हयगय होती असे पंचनाम्यावरून दिसले तर भरपाई घटते. म्हणजे कागदावर रस्त्याचा दोष न लिहिला जाणे ही केवळ अभ्यासाची त्रुटी नव्हे. तिची किंमत एखादी विधवा आपल्या हक्काच्या रकमेतून मोजत असते.

२०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आले आणि रस्त्याची रचना, बांधणी व देखभाल करणारे प्राधिकारी, ठेकेदार व सल्लागार यांना प्रथमच मोटार वाहन कायद्याखाली उत्तरदायी धरण्यात आले. मानक न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम अल्प आहे. तथापि कलमाचे खरे महत्त्व न्यायालयाने काय पाहावे या सूचीत आहे : रस्त्याचे स्वरूप, त्यावर अपेक्षित असलेली वाहतूक, देखभालीची पातळी, आणि धोक्याची कल्पना संबंधितांस होती किंवा असावयास हवी होती काय. दीडशे वर्षांत न विचारलेला प्रश्न येथे कायद्याच्या भाषेत अवतरला आहे. परंतु त्याचे उत्तर देणारा पुरावा घटनास्थळीच गोळा झाला नाही तर हे कलम पुस्तकातच राहील.

५. दोन मृत्यू व एक तुलना

३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत विमानतळाकडे जात असता परळी तालुक्यातील नाथ्रा गावचे सुपुत्र व तेव्हाचे केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीस पृथ्वीराज मार्ग व तुघलक मार्ग यांच्या चौकात दुसऱ्या मोटारीची धडक बसली आणि त्यांचा मृत्यू झाला. मंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडाच लोटला होता. बीड जिल्ह्यात शोकाबरोबर संशयही उसळला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि कट नव्हे, अपघात, असा निष्कर्ष निघाला. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे बीडचेच नेते विनायक मेटे मुंबईस बैठकीसाठी जात असता मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्यानजीक त्यांची मोटार पुढच्या ट्रकवर आदळली व ते मरण पावले. याही वेळी घातपाताची शंका व्यक्त झाली आणि तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला.

दोन्ही तपासांत राज्यव्यवस्थेने आपली वरिष्ठ यंत्रणा लावली, आणि दोन्ही वेळी जनतेच्या मनातला प्रश्न एकच होता : अपघात की घातपात? हा प्रश्न स्वाभाविक आहे. मोठ्या माणसाच्या मृत्यूला तितकेच मोठे कारण असावे असे मनास वाटते. पण त्याचा एक परिणाम असा होतो की, 'अपघात' हे उत्तर मिळताच सर्वांना तपास संपला असे वाटते. वस्तुतः घातपात नव्हता हे ठरले की अभियंत्याचा तपास सुरू व्हावयास हवा. चौकातील छेद कोणत्या कोनात आहे, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर वेग आपोआप कमी होईल अशी काही रचना तेथे आहे काय, संथ अवजड वाहन कोणत्या पदरातून चालते, मागील आसनावरील पट्ट्याने काय वाचले असते, ही त्या तपासाची कलमे होत.

मेटे यांच्या निधनानंतर तीनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. तेथे चालकावर गुन्हा नोंदविला गेलाच. परंतु पुलापाशी रस्त्याचे पदर कमी होतात व पुलाचा कठडा रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात पुढे येतो, या रचनादोषाकडेही तज्ज्ञांनी लक्ष वेधले. दोष चालकाचा की पुलाचा, असा पर्याय तेथे मांडला गेला नाही. दोहोंची नोंद झाली. अमेरिकन वैद्य विल्यम हॅडन यांनी १९७० च्या सुमारास जी सारणी रूढ केली तिचे तत्त्व हेच आहे. टकरीपूर्वी, टकरीच्या क्षणी व टकरीनंतर अशा तीन अवस्था. आणि माणूस, वाहन व परिसर असे तीन घटक. या नऊ घरांपैकी आपला पंचनामा बहुधा एकच घर भरतो.

६. आक्षेप व उत्तर

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षणीय नाही. त्याच वळणावरून रोज हजारो वाहने सुखरूप जातात. मग जे एक पडले त्याच्या चालकाचाच दोष नव्हे काय? शासकीय आकडेवारीही याच बाजूने बोलते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातील मृत्यूंपैकी शेकडा ७१ मृत्यू अतिवेगाच्या सदरात मांडलेले आहेत.

या आकड्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने साधनचिकित्सेच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. नोंद करणाऱ्याच्या हाती जे सदर असते तेच कारण बनते. वेग मोजला गेला नाही, घसरणीच्या खुणांवरून गणित केले गेले नाही, तरी 'भरधाव' हा शब्द फिर्यादीत येतो आणि तेथून तो सांख्यिकीत उतरतो. अतिवेग खोटा आहे असा याचा अर्थ नव्हे. तो न तपासलेला आहे. शिवाय हजारातून एक चालक चुकणार हे गृहीत धरूनच रचना करणे हेच अभियंत्याचे काम आहे. विहिरीला कठडा बांधणारा मनुष्य गावकऱ्यांना आंधळे समजत नसतो.

आणि रस्ता बदलला म्हणजे मृत्यू कमी होतात, हे अनुमान नसून अनुभव आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. त्याच सुमारास स्वयंसेवी संस्था, रस्ते विकास महामंडळ व पोलीस यांनी मिळून त्या मार्गाची पाहणी केली. उघडे कठडे, कडेची झाडे व दुभाजकांची तोंडे यांसारखे दोष नोंदवून त्यांवर उपाय योजले, आणि जोडीला नियमांची अंमलबजावणीही कडक केली. २०१९ साली मृत्यूंची संख्या ९२ वर आली. चालक तेच होते. मेटे यांचा मृत्यू याच मार्गावर व्हावा, यावरून काम अपुरे होते हे दिसते; ते व्यर्थ होते असे मात्र दिसत नाही.

७. ज्यांच्यासाठी वरिष्ठ यंत्रणा येत नाही

या सर्व विवेचनाची खरी कसोटी ऊसतोड कामगारांपाशी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील वाड्या-तांडे ओस पडतात आणि कोयता घेतलेली कुटुंबे ट्रक व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. रात्री सडकेवर मागचा दिवा नसलेली, उसाने वा संसाराने लादलेली ट्रॉली ताशी वीस किलोमीटर वेगाने चालली आहे आणि मागून ८० किलोमीटर वेगाने मोटार येत आहे असे समजू. दोहोंतील वेगाचा फरक ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. ट्रॉली ५० मीटरवर दिसली तर टकरीपूर्वी तीन सेकंद उरतात. त्यांतील अडीच सेकंद भान येण्यातच जातात; उरलेल्या अर्ध्या सेकंदात कोणताही कुशल चालक गाडी थांबवू शकणार नाही. ट्रॉलीच्या पाठीवर प्रकाश परतविणारी पट्टी असती, किंवा कडेला संथ वाहनास पुरेल एवढा पक्का पट्टा असता, तर हे गणितच बदलले असते. अशा अपघातात कट होता काय असे कोणी विचारीत नाही. पंचनामा होतो, दोन पंच सह्या करतात आणि गाव पुढच्या हंगामाची उचल घेतो.

अलीकडे परिस्थितीत सुधारणेची चिन्हे आहेत, हे नमूद केले पाहिजे. २०२१ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत अपघातांची संगणकीय नोंद सुरू झाली असून तीत रस्त्याच्या स्वरूपाची माहिती व घटनास्थळाची छायाचित्रे घेतली जातात. रस्त्याच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाल्यास ते अपघातप्रवण स्थळ मानण्याचा निकष २०१५ पासून आहे. जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांस सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या आदेशाने बळ मिळाले. तथापि या निकषात एक वैगुण्य आहे. मृत्यूंची संख्या भरल्याशिवाय स्थळ यादीत येत नाही आणि त्याची स्मृती तीन वर्षांपलीकडे जात नाही. इतिहासाचा अभ्यासक येथे उपयोगी पडू शकतो. एखाद्या घाटाच्या वळणाचे, एखाद्या फाट्याचे, एखाद्या फरशी पुलाचे पन्नास वर्षांचे पंचनामे एकत्र वाचले तर तीन वर्षांत न दिसणारी पुनरावृत्ती त्यांत दिसेल. चालक, वाहने, ऋतू व फिर्यादी बदलत गेल्या आणि जागा तीच राहिली, हे त्यातून सिद्ध होईल.

म्हणून दोन सूचना करून हा लेख पुरा करतो. पहिली अशी की, प्राणांतिक अपघाताच्या पंचनाम्यासोबत वळण, उतार, दृष्टीचा पल्ला, साइडपट्टीची खोली व प्रकाश या पाच बाबींचे मोजमाप बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडून आठ दिवसांच्या आत करून जोडण्यात यावे; मात्र तो अभियंता त्या रस्त्याच्या बांधणीशी वा देखभालीशी संबंधित नसावा. दुसरी अशी की, जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांत व न्यायालयांत पडून असलेले जुने अपघात-पंचनामे मुदत संपली म्हणून नष्ट होण्यापूर्वी, मृतांच्या नावांची गुप्तता राखून, विद्यापीठांच्या इतिहास व भूगोल विभागांनी त्यांच्या नकला करून ठेवाव्यात. हे काम एका हिवाळ्यात एका तालुक्यापासूनही आरंभिता येईल. धारूरच्या घाटापासून आरंभ करावा असे प्रस्तुत लेखकास वाटते.